गुरुद्वारात लग्नाला जाताय? घरातून निघण्यापासून लंगरच्या पंगतीपर्यंत

आमच्या मजल्यावरच्या शीख शेजाऱ्यांकडे गेल्या काही वर्षांत तीन लग्नं झाली. तिन्ही वेळा मराठी पाहुणे त्याच त्याच जागी अडले. कुणी अकराचा मुहूर्त समजून बारा वाजता पोचलं, तोवर लग्न लागून गेलं होतं. कुणाच्या डोक्यावरचा हातरुमाल माथा टेकताना खाली पडला. एक मावशी अक्षतांची पुडी हातात घेऊन शेवटपर्यंत वाट बघत बसल्या. प्रसाद वाटणाऱ्यासमोर तर कितीतरी जणांनी एकच हात पुढे केला.

चुका निरनिराळ्या दिसतात, पण मूळ एकच आहे. आपण कार्यालयातल्या लग्नाच्या सवयी घेऊन तिथे जातो. कार्यालयात सगळ्यांचं लक्ष नवरानवरीकडे असतं आणि पाहुणा गप्पा मारत, मधूनच बघत उभा असतो. गुरुद्वारात मध्यभागी श्री गुरू ग्रंथ साहिब, म्हणजे शीख ज्याला गुरू मानतात तो पवित्र ग्रंथ, विराजमान असतात. नवरानवरी त्यांच्यासमोर खाली बसतात आणि तुम्ही त्यांच्या मागे बसलेल्या संगतीतले, म्हणजे जमलेल्या भाविकांतले, एक असता. कुठे बसायचं, पाय कुठे ठेवायचे, फोटोसाठी पुढे का जायचं नाही, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच मिळतात.

शीख लग्नविधीला ‘आनंद कारज’ म्हणतात. पुढचा क्रम त्या दिवसाच्या क्रमानेच लिहिला आहे.

## १. पत्रिका नीट वाचा (आठवडाभर आधी)

पत्रिकेवर बहुतेक वेळा दोन पत्ते असतात: एक गुरुद्वाराचा आणि एक हॉलचा किंवा हॉटेलचा. आनंद कारज हॉटेलात करू नये असे अकाल तख्ताचे, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाचे, आदेश आहेत. त्यामुळे विधी एकीकडे आणि पार्टी दुसरीकडे, अशीच आखणी असते. फक्त हॉलचा पत्ता बघून निघालात तर लग्न चुकेल आणि जेवण तेवढं मिळेल.

वेळाही वेगवेगळ्या छापलेल्या असतात: बारात, मिलनी, आनंद कारज, भोजन, डोली. तुमची वेळ ‘मिलनी’ची, म्हणजे दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या भेटीची धरा. आनंद कारज दुपारच्या आत उरकायची पद्धत आहे, म्हणून सगळं सकाळीच सुरू होतं.

‘मुहूर्त किती वाजताचा?’ हा प्रश्न यजमानांना विचारू नका. शीख रहत मर्यादा, म्हणजे शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ साली मान्य केलेली आचारसंहिता, लग्नासाठी पत्रिका जुळवणं आणि शुभ घटका शोधणं मानत नाही. ‘आम्ही किती वाजता पोचू?’ एवढं विचारा.

आधीच्या दिवसांचे कार्यक्रमही बघून घ्या. मैयां म्हणजे आपली हळद. उटण्यात मोहरीचं तेल असतं आणि त्याचे डाग निघत नाहीत. चूड्याच्या वेळी नवरीचा मामा तिला चूडा, म्हणजे लग्नाच्या बांगड्या घालतो. जागोला रात्री आजोळची मंडळी दिवे लावलेली गागर डोक्यावर घेऊन नाचत निघतात. यांतल्या ज्याचं बोलावणं असेल त्यालाच जा. चूडा हा घरचा मामला असतो. जागोला मात्र बोलावलं तर चुकवू नका, संकोच मोडायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही.

## २. कपडे ठरवा, आणि डोक्याचा प्रश्न घरीच सोडवा

दरबारात, म्हणजे गुरू ग्रंथ साहिब असतात त्या दालनात, स्त्री-पुरुष आणि लहान मुलं, सगळ्यांचं डोकं झाकलेलं हवं. तेही आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत, आणि नंतर लंगरमध्येही, म्हणजे गुरुद्वारातल्या सामुदायिक जेवणातही. सर्वांत जास्त फजिती इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

पुरुषांसाठी: खिशातला नेहमीचा हातरुमाल पुरत नाही. सुती कापडाचा, साधारण दोन फूट लांब-रुंद चौकोनी रुमाल घ्या. तिरका दुमडून त्रिकोण करा. सरळ कड भुवयांच्या वर, कपाळावर आली पाहिजे. तिसरं टोक मागे मानेवर सोडा. दोन्ही बाजूंची टोकं मागे नेऊन, डोक्याचा फुगीर भाग जिथे संपतो त्याच्या खाली, तिसऱ्या टोकावरून गाठ मारा. गाठ फुगवट्यावर बांधली की रुमाल वर सरकतो आणि वाकताना निसटतो. पुष्कळ लग्नांत मुलीकडचे लोक दाराशी रुमाल वाटतात किंवा पगडी बांधून देतात. बांधून देत असतील तर आनंदाने बांधून घ्या. आपला फेटा बांधला असेल तर तोही चालतो. टोपीवर मात्र भागवू नका, मग ती गांधी टोपी असो की उन्हाची.

बायकांसाठी: साडी चालते, पण रेशमी पदर डोक्यावर ठरत नाही. दर पाच मिनिटांनी तो सावरत बसलं की कीर्तनाकडे लक्ष राहत नाही. दोन उपाय आहेत. पदर केसांना दोन पिनांनी टाचा, किंवा साडीला जुळणारी सुती वा जॉर्जेटची ओढणी वेगळी न्या. नवरीच्या लाल रंगाशी स्पर्धा करणारी साडी टाळा. दीड-दोन तास जमिनीवर मांडी घालून बसायचं आहे, हे लक्षात ठेवून कपडे निवडा. आखूड किंवा घट्ट कपड्यांत तिथे फार अवघडल्यासारखं होतं.

तपासा: घरी डोकं झाकून जमिनीवर कपाळ टेकवून बघा. रुमाल किंवा ओढणी जागेवर राहिली तरच निघा.

## ३. खिसे आणि पर्स रिकामी करा

सिगारेट, तंबाखूची पुडी, गुटखा, मद्य यांपैकी काहीही गुरुद्वाराच्या आवारात नेऊ नका. तंबाखू शीख धर्मात कडकडीत वर्ज्य आहे. ‘खिशातच आहे, खाणार थोडीच’ हे चालत नाही. गाडीत ठेवा, खरं तर घरीच ठेवा. आदल्या रात्रीच्या पार्टीचा वास तोंडाला असेल, तर सकाळच्या विधीला न जाणं बरं.

आपल्याकडच्या काही वस्तूही मागे ठेवायच्या. अक्षता नकोत. तिथे नवरानवरीवर काही उधळायचं नसतं. ओटीचं सामानही दरबारात नको. नवरीची ओटी भरायची मनापासून इच्छा असेल तर तिच्या घरी जाऊन, तिच्या आईला विचारून, लग्नाच्या आधी किंवा नंतर भरा. आमच्या शेजारच्या आंटीजींनी माझ्याकडून लेकीची ओटी मोठ्या प्रेमाने भरून घेतली, पण त्यांच्या दिवाणखान्यात. भेटवस्तूंचे खोकेही आत नेऊ नका.

जवळ ठेवायचं ते एवढंच: सुट्या नोटा, कागदी रुमाल, शगुनाचं पाकीट.

## ४. मिलनी: बाजूला उभे राहा, पण हजर राहा

बारात आली की गुरुद्वाराच्या दाराशी छोटी अरदास, म्हणजे प्रार्थना होते आणि मिलनी सुरू होते. नात्यांची नावं पुकारली जातात. मुलाचे वडील आणि मुलीचे वडील, मामा आणि मामा, काका आणि काका पुढे येतात, हार घालतात, गळाभेट घेतात. एकमेकांना उचलण्याची चढाओढही होते. आपल्या व्याहीभेटीचंच हे मोठं, मोकळं रूप आहे. आपलं नातं पुकारलं गेलं नसेल तर पुढे सरसावू नका, मागे उभं राहून बघा.

नमस्कार करताना हात जोडून ‘सत श्री अकाल जी’ म्हणा. अभिनंदनाला ‘वधाइयां जी’ किंवा ‘लख लख वधाइयां’. वडीलधाऱ्यांना अंकलजी, आंटीजी, समवयस्कांना वीरजी, भाभीजी. ‘जी’ विसरू नका, पंजाबी कानाला तो फार मोलाचा असतो.

मिलनीनंतर चहा-नाश्ता असतो. मराठी पाहुणे इथे रेंगाळतात. भजी भरपूर, गप्पा रंगलेल्या, आणि आत कीर्तन सुरू झालेलं कळतच नाही. नवरदेव आत गेला की कप खाली ठेवा.

## ५. जोडाघरापासून गादीपर्यंत

१. चपला-बूट जोडाघरात द्या आणि बिल्ला जपून ठेवा. लहान गुरुद्वारात फक्त मांडणी असते. तिथे घरातल्या सगळ्यांच्या चपला एकत्र ठेवा.

२. हात धुवा. काही ठिकाणी दाराशी पायांसाठी पाण्याची उथळ पन्हळ असते, तिच्यातून चालत जायचं.

३. डोकं झाकलेलं आहे ना, एकदा बघा. मोबाइल बंद करा किंवा पूर्ण निःशब्द करा. थरथरणारा मोबाइलसुद्धा त्या शांततेत ऐकू येतो.

४. मधल्या वाटेने सरळ श्री गुरू ग्रंथ साहिबांसमोर जा. गोलकेत, म्हणजे दानपेटीत, इच्छा असेल तेवढे पैसे टाका. रक्कम कुणी बघत नाही आणि टाकलेच पाहिजेत असंही नाही.

५. गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावा. याला माथा टेकणं म्हणतात. गुडघे वाकत नसतील तर हात जोडून मान झुकवा, तेही पुरतं.

६. उठल्यावर एक-दोन पावलं मागे सरका, मग बाजूला वळा. लगेच पाठ फिरवू नका.

सावध: दरबारात वडीलधारे दिसले तरी त्यांच्या पाया पडू नका. तिथे माथा झुकतो तो फक्त गुरूंसमोर. ओळखीचं कुणी दिसलं तर नुसती मान हलवा, हाका मारू नका.

## ६. बसण्याची रीत

बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसलेले दिसतात. मधली वाट मोकळी असते. कोणती बाजू कुणाची ते आधी बसलेल्यांकडे बघून ठरवा. मांडी घाला किंवा पाय एका बाजूला मुडपून बसा. गुरू ग्रंथ साहिबांकडे पाय पसरायचे नाहीत आणि पाठही करायची नाही. पायाला मुंग्या आल्या तर उठून शांतपणे मागे जा, जागच्या जागी पाय लांब करू नका.

घरातल्या ज्येष्ठांना खाली बसता येत नसेल तर आदल्या दिवशीच यजमानांना फोन करून सोय विचारा. पुष्कळ गुरुद्वारांत मागे किंवा भिंतीलगत बाकं असतात, काही ठिकाणी नसतात. आयत्या वेळी बाहेरची खुर्ची उचलून आत आणण्याचा प्रकार मी पाहिला आहे. सेवादारांनी, म्हणजे तिथे सेवा करणाऱ्यांनी, ती नम्रपणे परत नेली, पण त्या आजोबांना उगाच ओशाळं वाटलं. एका फोनने ते टळलं असतं.

## ७. आनंद कारज: काय चाललंय ते ओळखा

क्रम माहीत नसेल तर हा तासभर लांब वाटतो. माहीत असेल तर एकही मिनिट चुकवावंसं वाटत नाही.

कीर्तन. रागी, म्हणजे कीर्तन करणारे, हार्मोनियम आणि तबल्यावर शब्द गातात. ‘शब्द’ म्हणजे गुरुबाणीतलं पद. कान देऊन ऐका. शेवटच्या ओळीत कधी ‘नामा’ किंवा ‘नामदेव’ ऐकू आलं तर ते आपलेच नामदेव महाराज. त्यांचे ६१ शब्द गुरू ग्रंथ साहिबात आहेत.

नवरी येते. नवरदेव आधीच समोर बसलेला असतो. नवरी येऊन त्याच्या डाव्या हाताला बसते. ती येताना उठून उभं राहायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत.

पहिली अरदास. इथे फक्त वधूवर आणि त्यांचे आईवडील उभे राहतात. पाहुणे हमखास गडबडतात आणि अर्धा दरबार उठतो. बसून राहा.

उपदेश आणि संमती. ग्रंथी, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबाचं वाचन करणारे, दोघांना गृहस्थाश्रमाची कर्तव्यं सांगतात. दोघं माथा टेकून संमती देतात.

पल्ला. नवरदेवाच्या खांद्यावरच्या उपरण्याचं टोक नवरीचे वडील तिच्या हातात देतात. त्या वेळी ‘पल्लै तैंडै लागी’ हा शब्द गातात: तुझा पदर मी धरला आहे. आपल्या कन्यादानाच्या वेळी जसा मांडव गप्प होतो, तसा इथे दरबार गप्प होतो. शेजारच्या आंटीजी तीनही लग्नांत याच क्षणी रडल्या.

चार लावां. शिखांचे चौथे गुरू रामदास यांनी रचलेली ही चार पदं आहेत, एकेका पदाला लांव म्हणतात. ग्रंथी एक लांव गुरू ग्रंथ साहिबातून वाचतात, दोघं माथा टेकून उठतात, रागी तीच लांव गाऊ लागतात आणि दोघं फेरी सुरू करतात. नवरदेव पुढे, पल्ला धरलेली नवरी मागे, गुरू ग्रंथ साहिब उजव्या हाताला. नवरीचे भाऊ वाटेत उभे राहून तिला पुढच्या भावाच्या हाती सोपवत जातात. फेरी पूर्ण झाली की पुन्हा माथा टेकून खाली बसतात. असं चार वेळा.

इथल्या नेहमीच्या चुका:

- सात फेऱ्यांची वाट बघणं. फेऱ्या चारच. चौथीनंतर लग्न लागलं.
- फेरीच्या वाटेवर, पालखीच्या (गुरू ग्रंथ साहिब ठेवलेल्या चौथऱ्याच्या) मागे मोबाइल घेऊन उभं राहणं. नेमलेला छायाचित्रकार असतो. तुम्ही बसल्या जागेवरून एखादा काढलात तर काढा, पण नवरीच्या भावांची जागा अडवू नका.
- मंगलाष्टकांच्या सवयीने उभं राहणं. लावांच्या वेळी संगत बसलेली असते.
- चौथ्या लांवेनंतर टाळ्या वाजवणं आणि लगेच स्टेजकडे धाव घेतल्यासारखं पुढे जाणं. विधी अजून संपलेला नाही.

तपासा: अंगठीसारखं काही होईल, मंगळसूत्र घालतील, हार घालतील, म्हणून थांबून राहिलात का? आनंद कारजात यातलं काहीच नाही. ज्या चार फेऱ्या तुम्ही पाहिल्या, तेच लग्न.

## ८. अरदास, हुकमनामा, कडाह प्रसाद

चौथ्या लांवेनंतर ‘आनंद साहिब’ या गुरुबाणीतल्या रचनेच्या पहिल्या पाच आणि शेवटची अशा सहा पौड्या, म्हणजे कडवी, म्हणतात. मग मोठी अरदास. आता सगळ्यांनी उभं राहायचं, हात जोडून, हालचाल न करता. मधून मधून संगत एका सुरात ‘वाहेगुरू’ म्हणते, तुम्हीही म्हणा. या वेळी दरबारात ये-जा करायची नाही. दाराशी पोचला असाल तरी तिथेच हात जोडून थांबा. शेवटी सगळे माथा टेकतात. ‘बोले सो निहाल’ अशी हाक येते, तिला ‘सत श्री अकाल’ असं उत्तर द्यायचं.

सगळे खाली बसले की ग्रंथी गुरू ग्रंथ साहिब उघडून समोर येईल तो शब्द वाचतात. तो हुकमनामा, म्हणजे गुरूंची त्या दिवसाची आज्ञा. वाचन चालू असताना चुळबूळ नको.

त्यानंतर सेवादार प्रसाद वाटत येतात. कणीक, साखर आणि तूप समान वजनाने घेऊन केलेला हा शिरा.

- जागेवर बसूनच घ्या, उठून रांग लावू नका.
- दोन्ही हातांची ओंजळ पुढे करा. एका हाताने घेत नाहीत.
- ‘नको’ म्हणू नका. मधुमेह असेल तर ‘थोडा जी’ म्हणा, चिमूटभर मिळेल.
- तिथेच खा. तुपाचे हात खालच्या पांढऱ्या चादरीला पुसू नका. कागदी रुमाल त्यासाठीच आणलाय.

## ९. शगुन कधी द्यायचा

प्रसादानंतर जवळचे नातेवाईक वधूवरांना शगुन देतात. ही रांग घरच्यांची असते. शेजारी किंवा ऑफिसातले असाल तर पाकीट नंतर हॉलमध्ये द्या. रक्कम आपल्यासारखीच वर एक ठेवून: १०१, ५०१, ११०१. ‘आहेर आणू नये’ असं लिहिलेलं असेल तर ते पाळा.

## १०. लंगर: पंगत म्हणजे पंगत

लंगरमध्ये जमिनीवर ओळीने बसून जेवायचं, आणि त्या ओळीला तेही पंगतच म्हणतात. फरक असा की इथे व्याह्यांची पंगत वेगळी, मानाची वेगळी असं काही नसतं. नवरदेवाचे वडील, त्यांचा ड्रायव्हर, रस्त्यावरून आत आलेला भुकेला माणूस, सगळे एका ओळीत. जिथे जागा मिळेल तिथे बसा, ओळखीच्यांसाठी जागा अडवून ठेवू नका. माझ्या मते शीख लग्नातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच, म्हणून हॉलमधल्या जेवणासाठी लंगर टाळू नका. दोन घास का होईना, बसून खा.

१. डोकं झाकलेलंच ठेवा.

२. ताट घेऊन बसा. जेवण शाकाहारी असतं.

३. पोळीला परशादा म्हणतात. ‘परशादा जी’ अशी हाक आली की दोन्ही हात पुढे करा. ती ताटात टाकत नाहीत, हातात देतात.

४. आधी थोडं घ्या. वाढणारे पुन्हा पुन्हा येतात. नको असेल तर ताटावर हात आडवे धरा किंवा हात जोडा.

५. ताटात काही टाकू नका. आग्रह झाला म्हणून घेतलं आणि उरलं, हे तिथे वाईट दिसतं.

६. आपलं ताट आपण उचलून धुण्याच्या जागी नेऊन द्या.

वेळ असेल तर वाढायला उभं राहायची इच्छा सेवादारांना सांगा. हात धुऊन लगेच परशाद्यांची टोपली हाती मिळते. धर्म कुणी विचारत नाही.

## ११. डोली आणि त्यानंतर

हॉलमधली पार्टी वेगळी. तिथे नाच असतो, बऱ्याचदा मांसाहार आणि मद्यही असतं. डोक्यावरचा रुमाल तिथे काढला तरी चालतो. कपडे बदलायचे असतील तर सोय आधी विचारून ठेवा.

डोली म्हणजे पाठवणी. निघताना नवरी ओंजळीने फुल्लियां, म्हणजे लाह्या, डोक्यावरून मागे माहेराकडे टाकते. तिच्या मागची जागा आई-वडील आणि भावांसाठी मोकळी सोडा. त्या वेळी ‘वधाइयां’ म्हणू नका. आईजवळ जा, हात हातात घ्या. अभिनंदन दुसऱ्या दिवशी फोनवर करा.